चेंबरमधली काजळी

आमच्या सोसायटीत सातवीण फुलली की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भांडणं सुरू होतात. ऑक्टोबर लागतो, कूलर पुसून माळ्यावर जातात, खिडक्या उघड्या ठेवाव्यात अशी हवा होते, आणि नेमक्या त्याच वेळी ही झाडं हिरवट पांढऱ्या गुच्छांनी भरून जातात. त्यांचा दाट, डोकं धरायला लावणारा वास सहाव्या मजल्यापर्यंत चढतो. गाझियाबादेत राहून माणसाचं नाक तसं सोशिक झालेलं असतं, पण सातवीण फुलली की कुणाला दमा आठवतो, कुणाला मायग्रेन, आणि खालच्या मजल्यावरच्या आंटी दरवर्षी न चुकता लिहितात, "इन पेड़ों को कटवा दो, प्लीज़." मी दरवर्षी झाडांच्या बाजूने लिहिते. यंदाही लिहिलं.

खरं तर मलाही तो वास आता सोसत नाही. त्याच्या पाठोपाठ मला आणखी एक वास येतो, जो आमच्या घरातून केव्हाच गेलाय. रायफल साफ करायच्या द्रावणाचा वास. थोडा रॉकेलसारखा, थोडा आंबूस, पडद्यांना धरून बसणारा. चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आमचं घर त्या वासाने भरलेलं होतं. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरलेली, तिच्यावर आडवी ठेवलेली रायफल, एका बाजूला माझा नवरा अविनाश, दुसऱ्या बाजूला आमची मुलगी गार्गी, आणि पोळ्यांचा डबा हातात घेऊन मी उभी. टेबल रिकामं कधी होणार, या एका प्रश्नावर मी त्या घरात रोज भांडत असे.

आज कुणी ती चादर पुन्हा अंथरली तर मी उभ्याने जेवेन.

गार्गी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. पन्नास मीटरवरच्या निशाण्यावर ती जमिनीवर पालथी झोपून नेम धरायची. शाळेच्या एनसीसीत कुणीतरी तिच्या हातात रायफल दिली आणि ही मुलगी, जिला घरात एक जागी बसवणं मुश्किल होतं, ती तासन्‌तास न हलता पडून राहायला शिकली. पुण्याचे नातेवाईक विचारायचे, "अगं, तुमच्या घरात बंदूक कुठून आली?" मी सांगायची, दिल्लीत कुणाकडे गाडी मोठी असते, कुणाकडे ओळख मोठी असते, आमच्याकडे रायफल आहे. आतून मला अभिमान वाटत असे. तो मी लपवलाही नाही फारसा.

अविनाश नोएडात सॉफ्टवेअरचं काम करतो. नेम त्याला कधी जमला नाही. एकदा त्याने नेमबाजीच्या रेंजवर प्रयत्न केला तेव्हा त्याची गोळी शेजारच्याच्या निशाण्यावर लागली होती. मग त्याने आपल्यासाठी दुसरं काम शोधलं. मुलीने नेम धरायचा, बापाने रायफल राखायची. काही बाप मुलींच्या वेण्या घालायला शिकतात, हा चेंबर साफ करायला शिकला.

या लहान बोअरच्या, म्हणजे बारीक नळीच्या, रायफलीचं काडतूस बोटाच्या पेराएवढं असतं. पुढे शिशाची गोळी आणि तिच्यावर मेणाचा पातळ लेप. गोळी सुटली की दारूची काजळी, वितळलेलं मेण, शिशाचा बारीक अंश असं काय काय मागे राहतं. सगळ्यात चिवट काजळी बसते ती चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीच्या, पुढच्या टोकाला. काडतुसाचं तोंड जिथे संपतं नेमकी तिथे तिची एक रिंग तयार होते. पुढची गोळी ती रिंग आणखी भाजते, त्याच्या पुढची आणखी. दूध करपलेलं पातेलं तसंच पुन्हा पुन्हा गॅसवर ठेवावं, तसं ते असतं. मग एक दिवस काडतूस शेवटच्या कणभर जागेत अडतं, बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा दांडा, सरकवताना हाताला जड लागतो, आणि चांगल्या दहा गोळ्यांत एखादी उगाचच भरकटते.

आता कुणालाही वाटेल, मग घासून टाका. पण या लोकांत तसं नसतं. गार्गीच्या कोच पानिपतच्या होत्या, उंच, मोजकं बोलणाऱ्या. सगळे त्यांना मॅडमजी म्हणायचे. त्यांचं पहिलं वाक्यच हे असायचं, "बैठी हुई नाल को मत छेड़ो." नळी साफ केली की पहिल्या कितीतरी गोळ्या वेड्यावाकड्या जातात; नळीला पुन्हा तिचा लेप चढला की मग ती बसते. म्हणून स्पर्धांच्या सीझनमध्ये रायफलीला ब्रश लावणं म्हणजे परीक्षेच्या दिवशी पोराची शाळा बदलणं. सगळी रेंज हे मानायची. अविनाशने महिनाभर वाचून, व्हिडिओ बघून त्यातून मधला मार्ग काढला होता: नळीला हात लावायचा नाही, फक्त चेंबर साफ करायचा, आणि तोही रोज, गोळीबार संपल्यावर नळी कोमट आहे तोवर, म्हणजे काजळी कडक व्हायच्या आत निघून येते. मॅडमजी ऐकून म्हणाल्या, "आप करना चाहो तो करो जी. पर हल्के हाथ से."

करायचं ठरलं तरी रोज झालं नाही. त्या वर्षी पावसाळाभर त्याला ऑफिसातून सुटका नव्हती. आणि सप्टेंबरात गार्गीच्या गोळ्या भरकटू लागल्या.

आमच्याकडे खंडेनवमीला अवजारांची पूजा असते. अविनाशच्या आजोबांकडे कोयता आणि करवत असायची, त्याच्या वडिलांकडे स्कूटरचे पाने, आणि गाझियाबादला आल्यापासून पाटावर त्याचा लॅपटॉप आणि माझा मिक्सर. गार्गीची रायफल आल्यापासून ती मधोमध. ज्याची पूजा करायची ते आदल्या दिवशी घासूनपुसून ठेवायचं, ही माझ्या सासूबाईंची शिस्त.

"आई, खंडेनवमी म्हणजे शस्त्रपूजा ना? हिंदी में वही बोलते हैं," गार्गीने विचारलं.

"तेच. पण आपल्याकडे नुसतं शस्त्र नाही, ज्याच्यावर पोट चालतं ते सगळं."

"मग बाबाचा मॅनेजर पण पाटावर बसव."

त्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा चेंबर मनापासून साफ झाला. मी ते सगळं बघितलं, कारण टेबल अडलेलं होतं. अविनाशने बोल्ट काढला. "रिकामी?" त्याने विचारलं. गार्गीने आत बघितलं, करंगळी घालून चाचपलं आणि म्हणाली, "रिकामी." हे दोघं ते रोज म्हणायचे, कितीही वेळा बघितलेलं असलं तरी. मग द्रावणाचे चार थेंब, आणि चहा होईपर्यंत थांबायचं. मग सळईला लावलेला पितळी ब्रश मागच्या बाजूने घालायचा, चेंबरपुरताच, आणि जोर न लावता गोल फिरवायचा. मग चिंध्या. त्या चिंध्या माझ्या जुन्या सुती परकराच्या होत्या, मला न विचारता कापलेल्या. पहिली चिंधी बाहेर आली ती काळीकुट्ट होती. मुलाचा पहिला दात पडल्यावर बापाने तो दाखवावा, तशी अविनाशने ती मला दाखवली.

"बघ. हे होतं सगळं."

एकेक चिंधी आत जात होती, काळी, मग करडी, मग मळकी, आणि शेवटी एक जशी गेली तशी पांढरी परत आली. दुसऱ्या दिवशी रायफलीला हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल वाहिलं, आणि कुंकवाचा कणही आत जाऊ नये म्हणून अविनाश पूजेभर चेंबरवर हात धरून बसला. दसऱ्यानंतर ते रेंजवर गेले. बोल्ट अलगद बंद झाला, आणि गार्गीच्या गोळ्या पुन्हा मधोमध लागल्या.

दोन आठवडे घरात सण होता. अविनाश ऑफिसातसुद्धा लोकांना धरून धरून काजळीबद्दल सांगायचा. आम्ही त्या एका वेळेला खरे ठरलो, आणि तीच आमची फसगत झाली. पहिल्यांदाच चुकलो असतो तर कदाचित दुसरीकडे बघितलं असतं.

दिवाळीनंतर दिल्लीचं आकाश नाहीसं होतं. हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको आणि बाहेरच्यांना सांगून पटत नाही. सकाळी समोरचा टॉवर दिसत नाही, दुपारी सूर्य फिक्या टिकलीएवढा दिसतो, डोळे चुरचुरतात, आणि हळूहळू आपण ते सगळं हवामान म्हणून स्वीकारतो. दिल्लीच्या दक्षिणेला, बाभळी आणि खडकांमधल्या रेंजवर पन्नास मीटरवरचा काळा गोल त्या दिवसांत करडा दिसायचा. सगळीच मुलं कुरकुरायची. गार्गीच्या गोळ्या पुन्हा सरकू लागल्या तेव्हा ती म्हणाली, "स्मॉग आहे यार बाबा. किसी को नहीं दिख रहा." आम्हाला ते पटलं. दुसऱ्या एखाद्या गावात हे तिला म्हणता आलं नसतं आणि आम्हाला ऐकता आलं नसतं. शेजारच्या लेनमधली मुलं त्याच धुरातून दहा-दहा गुणांच्या गोळ्या मारत होती, ते मात्र आमच्यापैकी कुणी मोठ्याने म्हटलं नाही.

अविनाशने काजळीवर मोर्चा वळवला. आता नियम झाला. रेंजवरच, नळी कोमट असताना, पहिली चिंधी. घरी आल्यावर द्रावण, थांबणं, ब्रश, चिंध्या. नुसतं द्रावण आत राहिलं तरी गोळी बिघडते, म्हणून पुन्हा कोरड्या चिंध्या. माझा परकर संपला, त्याचे बनियन संपले. मी म्हटलं, "आता पडद्यांवर नजर आहे का?" तो हसला नाही. जानेवारीत निवड चाचणी होती. त्यात पहिल्या काही मुलींत नाव आलं तर पुढच्या शिबिराला बोलावणं येणार होतं, आणि गार्गीने त्यासाठी कॉलेजचं एक वर्ष बाजूला ठेवलं होतं. सगळं त्या एका सकाळवर लागलेलं होतं.

नोव्हेंबरात मॅडमजींनी पानिपतला एक छोटी सराव स्पर्धा ठेवली. माझ्या सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "पानिपताला निघालात? बाई, दुसरं गाव नव्हतं का?" गार्गीला त्यातलं काही कळलं नाही. तिच्या लेखी पानिपत म्हणजे चादरी, ब्लँकेटं आणि हायवेवरचे पराठे. आम्ही दोघं मात्र तिथून परतताना गाडीत एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. धूर त्या दिवशी फारसा नव्हता. तरी शेवटच्या दहा गोळ्यांत तिच्या दोन अगदी बाहेर गेल्या होत्या. मॅडमजींनी स्वतः बोल्ट काढून चेंबर उजेडाकडे धरून बघितला. "साफ है जी," त्या अविनाशला म्हणाल्या, "रायफल में कुछ नहीं है."

अविनाशला राग आला. नुसत्या डोळ्यांनी काय दिसतं, असं तो परतीच्या वाटेवर दोनतीनदा म्हणाला. मागच्या सीटवर गार्गी रायफलीच्या पेटीवर हात ठेवून बसली होती.

घरात काही गोष्टी माझ्या नजरेला येत होत्या, पण सुट्या सुट्या. मेथी निवडायला बसली की गार्गी पानाकडे बघायच्या ऐवजी पानाच्या बाजूला बघायची. फोन वाचताना मान थोडी वळवायची, पक्षी वळवतात तशी. एकदा रेंजवरच्या मुलीची गंमत सांगत होती आणि सगळा वेळ माझ्या कानाकडे बघत होती. मी दोनदा कानातलं चाचपून बघितलं, पडलंय की काय म्हणून. मी विचारलं, "डोळे दुखतात का गं?" ती म्हणाली, "नाही गं आई. धुराने होतंय." मला तेही पटलं. पटवून घ्यायचं असलं की माणसाला फार पुरावा लागत नाही.

मग अविनाशने एक कॅमेरा मागवला. शाईच्या रिफिलपेक्षा थोडी जाड वायर, टोकाला भिंग आणि इवलासा दिवा. ती चेंबरमध्ये घालायची आणि आतलं सगळं फोनवर दिसतं. रविवारची दुपार होती. मी कुकरची शिट्टी मोजत स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्याने वायर आत सरकवली, फिरवली, फोनकडे बघितलं, पुन्हा फिरवली. मला त्याच्या खांद्यावरून फोन स्पष्ट दिसत होता. चेंबर आतून लखलखत होता. ती रिंग जिथे असायची तिथे नुसतं पोलाद होतं, डाग नाही की ठिपका नाही.

"गार्गी, हे बघ जरा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात गोंधळ होता. "तुला काही दिसतंय?"

तिने फोन हातात घेतला. जवळ धरला, लांब धरला, मान किंचित वळवली.

"हो, आहे ना," ती म्हणाली. "त्या कडेला. थोडा कार्बन आहे."

अविनाशने फोन परत घेतला. आधी फोनकडे बघितलं, मग तिच्याकडे. ती खिडकीच्या दिशेने बघत होती. मी दारातून हलू शकले नाही. तो काय म्हणेल याची मला भीती वाटली, आणि काही म्हणेल अशी आशाही वाटली.

"हो गं," तो म्हणाला, "आहे खरा." आणि त्याने ब्रश उचलला.

त्या दुपारी त्याने तो स्वच्छ चेंबर साफ केला. द्रावणाचे थेंब, थांबणं, ब्रश गोल फिरवणं, सगळं रीतसर. चिंध्या पांढऱ्या जात होत्या, पांढऱ्या येत होत्या. भांडी आवरताना मी त्याला हळूच विचारलं, "काय होतं रे त्यात?" तो म्हणाला, "काही नव्हतं." सोमवारी सकाळी मी ऑफिसला कळवलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

तिथेही एक कॅमेरा होता. तिथेही आतला फोटो मोठा करून पडद्यावर दाखवला गेला. फरक एवढाच, की या फोटोत खरंच काहीतरी होतं. डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मध्यभागी एक फिकट, झिजलेली जागा, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाई न करता बोलत होत्या. "बीच का हिस्सा कमज़ोर हो रहा है. किनारे की नज़र रहेगी, बेटा. चलना-फिरना सब होगा." म्हणजे मुलगी जिथे बघेल तेवढंच तिला दिसणार नाही, बाकी सगळं दिसेल. नेम धरणाऱ्या मुलीला याहून नेमका आजार कुणी शोधून दिला नसता. मला देवाचा इतका राग आयुष्यात आला नव्हता, आणि तो अजून गेलेला नाही.

"शूटिंग की वजह से हुआ?" गार्गीने विचारलं.

"बिल्कुल नहीं. ये जन्म से तुम्हारे अंदर था. दिखा अब है."

"और साफ... मतलब ठीक नहीं होता?"

"अभी इसका इलाज नहीं है."

"जनवरी तक चलेगा?"

डॉक्टरीणबाईंना जानेवारी म्हणजे काय ते कळलं नाही. त्यांनी आमच्याकडे बघितलं. अविनाश पडद्यावरचा फोटो बघत होता, त्या फिकट जागेवर त्याची नजर खिळली होती, आणि मांडीवरचा त्याचा उजवा हात हळूहळू गोल फिरत होता. मी त्या हातावर माझा हात ठेवला तेव्हा तो थांबला.

त्यानंतरही संध्याकाळी टेबलावर चादर अंथरली जायची. डॉक्टरांनी सगळं सांगितलेलं होतं, तिघांनी ऐकलेलं होतं, तरी हे दोघं समोरासमोर बसायचे. "रिकामी?" "रिकामी." आता ब्रश तो वापरत नव्हता. उगाच घासलं तर चेंबर झिजतो, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. नुसती कोरडी चिंधी घालायचा आणि काढायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "आता काय काढतोयस त्यातून?" तो म्हणाला, "जाऊ दे ना, नीलिमा." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं विनवणीच्या सुरात माझं नाव त्याने कधी घेतलेलं मला आठवत नाही. मी पोळ्या ओट्यावरच वाढायला सुरुवात केली.

पुढचं मध्येच सांगून टाकते. गार्गी आता दिल्ली विद्यापीठात शिकते, फोन तिला वाचून दाखवतो, मेट्रोने एकटी जाते-येते, आणि मी काळजी केली की म्हणते, "आई, चिल." तिच्या मैत्रिणी आहेत, तिची भांडणं आहेत, एक मुलगाही आहे ज्याच्याबद्दल आम्हाला काही माहीत नसल्याचं आम्ही दाखवतो. ती रडत बसलेली नाही. रायफल कायद्याने जशी द्यावी लागते तशी सगळी कागदपत्रं करून मॅडमजींच्या हाताखाली शिकणाऱ्या दुसऱ्या एका मुलीकडे गेली. ज्या दिवशी रायफल गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून अविनाश गॅसचे बर्नर साफ करू लागला. टाचणी घेऊन एकेक भोक. मग चिमणी, मग नळांच्या जाळ्या. आमच्याइतकं स्वच्छ घर गाझियाबादेत दुसरं नसेल. बायका माझा हेवा करतात, आणि मी त्यांना काही सांगत नाही.

यंदाही खंडेनवमी झाली. पाटावर लॅपटॉप आणि मिक्सर होते. मधली जागा आम्ही सोडत नाही आणि भरतही नाही, वस्तू आपोआप थोड्या लांब लांब मांडल्या जातात. गार्गीने स्वतःचा फोन आणून ठेवला आणि म्हणाली, "माझं पोट यावर चालणार आहे." अविनाशने त्यालाही कुंकू लावलं.

पण मला सांगायचं होतं ते जानेवारीतल्या त्या निवड चाचणीच्या सकाळबद्दल.

आम्ही तिला जाऊ नको म्हटलं नाही. मॅडमजींना फोनवर सगळं कळवलं होतं, त्या म्हणाल्या होत्या, "लड़की आना चाहती है तो आएगी." त्या दिवशी कधी नव्हे ते लख्ख ऊन होतं. गार्गी नेहमीसारखी सतरंजीवर पालथी झोपली, पट्टा दंडाला आवळला, गाल रायफलीला टेकवला. मी मागच्या बाकावरून तिचे बूट बघत होते. ती कसा नेम धरत होती मला माहीत नाही. थोडी बाजूला बघून, काळ्या गोलाची कड पकडून, सवयीने, श्वासाने, कसाही. काही गोळ्या मधोमध गेल्या, तेव्हा माझ्या जीवात जीव आला. काही कुठेच्या कुठे गेल्या. ती मध्ये उठली नाही, कुणाकडे वळून बघितलं नाही, आणि एकही गोळी मारायची सोडली नाही. शेवटची झाली तेव्हा तिने बोल्ट उघडला, आत करंगळी घालून चाचपलं आणि स्वतःशीच म्हणाली, "रिकामी."

निकालाचा फलक लागला तेव्हा तिने मला विचारलं, "कितवी गं, आई?" मी खालून वाचायला सुरुवात केली, कारण तिचं नाव खालीच होतं. जे लिहिलं होतं ते वाचून दाखवलं. तिने मान हलवली, मॅडमजींच्या पाया पडली, त्यांनी तिला उठवून छातीशी धरलं, आणि आम्ही निघालो.

गाडी यमुनेचा पूल ओलांडून आली. मग मागून गार्गीने विचारलं, "बाबा, एक खरं सांगशील?"

"विचार."

"आज चेंबर स्वच्छ होता ना?"

अविनाश समोर बघत गाडी चालवत होता. त्याच्या मनात काय चाललंय ते मला शेजारी बसून ऐकू येत होतं. थोडा कार्बन होता, एवढं त्याने म्हटलं असतं, तर सगळा दोष रायफलीवर गेला असता. मीसुद्धा मनातल्या मनात म्हणत होते, म्हण रे. त्याने गाडीचा वेग कमी केला.

"स्वच्छ होता," तो म्हणाला. "कधीचाच स्वच्छ आहे, बाळा."

"मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"तू फोनवर चेंबर आतून दाखवलास ना, तेव्हापासून. मला त्यात काहीच दिसलं नव्हतं. मी उगाच म्हटलं, थोडा आहे म्हणून. तू पण 'हो, आहे' म्हणालास, आणि चिंध्या तर पांढऱ्याच येत होत्या, तेव्हा मला समजलं की माझ्या डोळ्यांचं तुलाही कळलंय."

अविनाशने गाडी कडेला घेतली. मागचे लोक हॉर्न वाजवत बाजूने निघून जात होते. तो मागे वळला.

"मग इतके दिवस मला साफ का करू दिलंस गं?"

गार्गी पुढे सरकली आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"नाहीतर तू काय केलं असतंस, बाबा?"